एका क्रियापदाची वही

"यातून धड एक दारसुद्धा निघायचं नाही," कुणीतरी पुटपुटलं, आणि तेही इतक्या जवळून, की आधी मला वाटलं समोर बसलेली विद्यार्थिनीच बोलली. पण ती कोरियाची. तिला आमची भाषा येत नव्हती, आणि ती बिचारी ओळीखाली बोट धरून इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचं सत्तेचाळिसावं वाक्य वाचत होती. आवाज प्लायवूडच्या पलीकडून आला होता. आमच्या इंग्रजीच्या शाळेत वर्ग नाहीत, खोकी आहेत. औषधांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर दोन रांगांत बत्तीस खोकी, प्रत्येकात एक टेबल, दोन खुर्च्या, एक शिक्षिका आणि एक विद्यार्थी. पाय लांब केले तर समोरच्याच्या पायाला लागतात, म्हणून बावीस वर्षांत मी पाय लांब केलेले नाहीत. पलीकडे सुतार होता. मोजपट्टी सर्रकन परत गुंडाळल्याचा आवाज आला आणि तो पुन्हा स्वतःशीच कुरकुरला, "कडा फुगल्यात, स्क्रू गंजलेत. बत्तीस उतरवायची आणि हाती काय लागणार, तर कोंबड्यांची चार खुराडी." मग त्यानं माझ्या पाठीमागच्या फळीवर दोन टिचक्या मारल्या आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. ते लिहिणं मला पाठीच्या कण्यात जाणवलं. माझ्यावरच आकडा टाकल्यासारखं.

विद्यार्थिनीनं वाचायचं थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छान, पुढचं वाच. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. तोच तर माझा खरा रोग आहे. आम्ही फिलिपिन्समधल्या इलोइलोची माणसं बोलतो ते सुरात. वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप वळतो, जसा गादीवर मांजराचा पाय. मनिलाची माणसं आमची थट्टा करतात की इलोंगो बाई नवऱ्याला घराबाहेर काढते तेव्हा त्याला वाटतं जेवायला बोलावते आहे. माझा नवरा रुपिंग जहाजावर स्वयंपाकी होता, अर्धं जग हिंडलेला. तो म्हणतो, रोदोरा, तू रागावलीस की मला डुलकी लागते. चाळीस वर्षं मी या माणसावर अधूनमधून पेटून उठते आणि तो उशी शोधतो. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकाला गेली होती, हाताची बोटं टेबलाखाली एकमेकांत अडकवून मी बसले होते, आणि तोंडातून मात्र "छान, पुढचं वाच" असं पाळण्यातल्या पोराला म्हणावं तसं निघत होतं.

नोटीसबोर्डावर तीन दिवसांपूर्वी कागद लागला होता, की वाळवीच्या तपासणीसाठी सुतार येणार असून सर्वांनी सहकार्य करावं. खाली मुख्य शिक्षिका मॅम एव्हांजेलीन यांची सही. आम्ही सगळ्यांनी तो वाचला आणि सगळ्या वाळवीबद्दल बोलू लागलो. कुणाच्या माहेरी वाळवीनं देव्हाऱ्यातला संत जोसेफ आतून पोखरला होता आणि उचलल्यावर तो हातात भुगा झाला. कुणाच्या लग्नाचा दाखला गेला होता, त्यावर दुसरी म्हणाली, भाग्यवान आहेस, आता नवा शोध. हसलो. इतक्या जणी वाळवीबद्दल इतक्या आवडीनं बोलताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. प्लायवूडला वाळवी लागली तर आधी भुसा पडतो, हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. बत्तीस खोक्यांत कुठं चिमूटभर भुसा नव्हता.

शेजारच्या खोक्यात जेमालिन बसते. सत्तावीस वर्षांची, पाचवा महिना चालू असलेली, पदवीधर, आणि तरी मला मानांग म्हणते, म्हणजे मोठी बहीण. ती शाळेत आली तेव्हा पहिला महिनाभर रोज संडासात जाऊन रडायची, कारण एका विद्यार्थ्यानं शुक्रवारच्या यादीत तिच्याऐवजी दुसरी शिक्षिका मागितली होती. आमच्याकडे दर शुक्रवारी दुपारी पाण्याच्या यंत्राशेजारी ही यादी लागते: कोणाला कोण नको झालं. मी तिला माझ्या वहीतली पानं दिली. म्हटलं, इंदाय, पोरी, हे एक क्रियापद नीट धर, बाकीचं इंग्रजी मागून येईल. ते तिनं धरलं. आता तिला मागून घेणारे विद्यार्थी आहेत. फळीपलीकडून मला दिवसभर माझीच वाक्यं तिच्या आवाजात ऐकू येतात, माझ्याच चढउतारांसकट, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. पण त्या दुपारी सुतार तिच्या खोक्याकडे सरकला, टिचक्या वाजल्या, आणि तिचं वाक्य मधेच थांबलं. मग तिनं तेच वाक्य पहिल्यापासून सुरू केलं, जरा मोठ्यानं.

वही कशी सुरू झाली ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. एकोणीस वर्षांपूर्वी बेक नावाचे एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. एक्कावन्न वर्षांचे, गोदीत जहाजांचे पत्रे जोडणारे. हातांवर ठिणग्यांचे डाग. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, टीचर, गेट एकूण किती? मी ऐटीत म्हटलं, दहा. मी कॉलेजात गेलेली नाही. माझी आई मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग होस्टेलमध्ये इस्त्री करायची, आणि टेबलावर गादी म्हणून नर्सबायांची जुनी इंग्रजी मासिकं पसरायची. माझं सगळं शिक्षण त्या करपलेल्या पानांवर झालं. कित्येक गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही, कारण तिथे इस्त्रीचं टोक टेकलेलं असायचं. अशा बाईला 'दहा' म्हणायला काय जातं. दुसऱ्या दिवशी बेक अकरावं घेऊन आले. तिसऱ्या दिवशी मी बारावं आणि तेरावं. आमची चढाओढच लागली. भिजणं, म्हातारं होणं, घरी पोचणं, पत्र मिळणं, विनोद कळणं, जीपनी गाडीतून उतरणं, तापानं पडणं, एखाद्याचा पिच्छा सुटणं, सवय होणं, कुणाला राजी करणं. आमच्याकडे यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि इंग्रजी बाई हे सगळं घरकाम एकाच मोलकरणीकडून करून घेते. बेक हसले आणि म्हणाले, मोलकरीण नाही टीचर, ती शिक्षिका असणार. तो विनोद मला कळला. हेसुद्धा एक गेटच, विसावं.

बेक निघाले तेव्हा त्यांनी वहीत एक वाक्य लिहून दिलं: मुलीच्या वाढदिवशी, केक घेऊन घरी जाताना, मला कामावरून काढल्याचं कळलं. त्यात गेट दोनदा आलं होतं आणि दोन्ही अर्थ वेगळे. तेव्हापासून मी नियम केला, की ज्याच्या अंगावरून तो अर्थ गेलेला नाही त्याचं वाक्य वहीत घ्यायचं नाही. कोशातलं, पुस्तकातलं चालायचं नाही. एका विधवेनं लिहिलं, नवरा गेल्यावर एकटीनं जेवायची सवय झाली पण एका ताटाची झाली नाही. पोलिसाच्या परीक्षेत तीनदा नापास झालेल्या एका पोरानं लिहिलं, वडील काही बोलले नाहीत, ते का, हे मला चौथ्या वर्षी कळलं. एका आजीबाईंनी फक्त एवढंच, की म्हातारी व्हायला मला मुळीच वेळ लागला नाही. अशी दोनशे चौदा झाली. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली वही, तीनदा शिवलेली. घरी आग लागली तर रुपिंगच्या आधी मी ती उचलेन असं मी त्याला सांगितलंय, आणि तो म्हणाला, बरोबर आहे, मला पाय आहेत.

जानेवारीत आमचे कोरियन संचालक नाम यांनी मला बोलावलं. चहा दिला, जो ते कुणाला देत नाहीत. म्हणाले, टीचर रोदोरा, तुमची वही आणि तुमचा आवाज आम्हाला जपून ठेवायचा आहे. सगळ्या पदवीधर बायका सोडून मला बोलावलं होतं. एक कागद पुढे केला, चार पानांचा. मी सही केली आणि दुसऱ्या दिवशी मीच सगळ्या स्टाफसाठी घरून पानसित करून आणलं, शेवया मोडू नयेत म्हणून मोठ्या परातीत, वर लिंबू पिळून. आयुष्य लांब व्हावं म्हणून आम्ही ते करतो. सगळ्यांनी खाल्लं. जेमालिननं दोनदा घेतलं. तिनं गालाला गाल लावून म्हटलं, आता आमच्या मानांगचा आवाज साऱ्या जगात जाणार. मी लाजले. त्या लाजण्याची मला आज इतकी चीड येते, की वाटतं ती बाई समोर भेटली तर तिच्या हातातली परात मी उपडी करीन.

नऊ आठवडे रोज सकाळी मी कोठीच्या खोलीत बसले. भिंतींना गोधड्या आणि अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, पंखा बंद, कारण तो ऐकू येतो. रेकॉर्डिंगला नोंग कार्लिंग होते, नोंग म्हणजे दादा. साठीचे, जारोच्या चर्चच्या गायकमंडळाचं आणि लग्नांचं ध्वनिमुद्रण करणारे. डोक्याला कायम एक ओला रुमाल. पहिल्या दिवशी हातात छापील पानं आली आणि मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाची आली. वाक्यं माझी नव्हती. अर्थ माझे, क्रम माझा, आकडे माझे, आणि माणसं गेलेली. बेकच्या जागी टॉमला नवी सायकल मिळाली होती. विधवेच्या जागी लिसाला थंडीची सवय झाली होती. आजीबाईंच्या जागी एक मांजराचं पिल्लू मोठं होत होतं. मी मॅम एव्हांजेलीनकडे गेले. त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या टेबलावर वेलदोड्याच्या गोळ्यांची बरणी असते आणि कुणी रडायला आलं की त्या आधी झाकण उघडतात. त्यांनी झाकण उघडलं. म्हणाल्या, दुःखाची वाक्यं विद्यार्थी मधेच बंद करतात असं दिसून आलंय, रोदोरा. मी गोळी घेतली. हो म्हटलं. तोंडात गोळी असताना नाही म्हणता येत नाही, असं नाही. पण मी म्हटलं नाही.

बावीस वर्षांत मी किती वेळा रागावले असेन याचा मी हल्ली विचार करते. विद्यार्थी पाय टेबलावर ठेवून बसला तेव्हा. पहिली संचालकबाई माझी पदवी विचारून मग माझ्याकडे न बघता बोलू लागली तेव्हा. आईच्या अंत्यविधीला दीड दिवसाचीच रजा मिळाली तेव्हा, आणि मी परत येऊन खोक्यात बसले, आणि समोरच्या बाईला 'गेट ओव्हर' शिकवलं, म्हणजे दुःखातून बाहेर येणं, आणि ती म्हणाली, टीचर, तुमचा आवाज किती शांत आहे. प्रत्येक वेळी तो राग गोड होऊन बाहेर पडला. उसाच्या गाळपात पडल्यासारखा. मला वाटायचं, निदान आत तरी तो राग राहत असेल, कुठेतरी साठत असेल, एक दिवस उपयोगी पडेल. पण साठलेलं गोडसुद्धा आंबतं.

शुक्रवारी सकाळी शेवटची बारा वाक्यं राहिली होती. जाताना मी पाहिलं, प्रत्येक खोक्याच्या पाठीवर सुतारानं पेन्सिलीनं आकडा टाकला होता, आणि कुणीतरी, बहुतेक जेमालिननंच, तिच्या आकड्यावर बाळ येशूचं चित्र चिकटवलं होतं. कोठीत नोंग कार्लिंग कानाला हेडफोन लावून बसले होते. मी तीन वाक्यं वाचली. त्यांनी हात वर केला. म्हणाले, शब्द गोड येतायत, पण शब्दांच्या आधीचा श्वास रागावलेला येतोय. चाळीस वर्षांत नवऱ्याला ऐकू आलं नाही ते या माणसाला एका तारेतून ऐकू आलं होतं. मला वाटलं आता ते विचारतील, काय झालं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण त्यांनी नजर यंत्राकडे वळवली आणि हळूच म्हणाले, काळजी नको, श्वास काढून टाकता येतो. सगळ्यांचेच काढतो. चर्चमधल्या सोप्रानो बायकांचेसुद्धा.

मग मी उरलेली वाचली. टॉम घरी पोचला. लिसाला बक्षीस मिळालं. पाऊस आला आणि मुलं भिजली, पण हसत होती. मधे एकदा मी थांबले, पाणी प्यायले, समोरचं पान उलटं ठेवलं आणि मनातल्या मनात बेकचं वाक्य म्हणून पाहिलं. मुलीच्या वाढदिवशी, केक घेऊन. ते म्हणून टाकावं, एवढं एकच, यंत्र चालू असताना. तोंड उघडलं. पण ओठांपर्यंत आलं ते छापील वाक्य, त्याच्या शेवटच्या वळणासकट. जिभेला वळण लागलं होतं. मी दोनशे चौदावं वाचलं: आता मला सगळं समजलं, धन्यवाद. नोंग कार्लिंगनी अंगठा वर केला, हेडफोन काढले, ओला रुमाल काढून पिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, सुंदर. माझा राग बाहेर कुणावर काढावा ते मला कळेना, म्हणून मी भिंतीवरच्या अंड्यांच्या पुठ्ठ्यातला एक खळगा बोटानं दाबून फोडला. मग त्याचीही लाज वाटली.

दुपारी मॅम एव्हांजेलीननी पानसित मागवलं होतं. काम पूर्ण झालं म्हणून. चहाच्या खोलीत सगळ्या एकतीस जणी भिंतीला टेकून, टेबलाच्या कडेवर, खिडकीत बसल्या होत्या. नामसाहेबांनी छोटं भाषण केलं, की शाळा म्हणजे एक कुटुंब आणि टीचर रोदोरा म्हणजे या कुटुंबाचा आवाज. टाळ्या झाल्या. मी पाहिलं, सगळ्या माझ्याकडे हसून बघत होत्या, आणि एकीचीही नजर माझ्या नजरेपर्यंत येऊन पोचत नव्हती. गालावर, कपाळावर, कानातल्या मोत्यावर थांबत होती. गेले काही आठवडे माझ्या टेबलावर कुणी ना कुणी काहीतरी ठेवून जायचं. पानात बांधलेला चिकट भात, दोन केळी, चर्चमधली मेणबत्ती. मी समजत होते कौतुक आहे. तेव्हा, हातात ताट घेऊन उभी असताना, मला दिसलं की आम्ही आजाऱ्याच्या घरी अशाच वस्तू नेतो. किंवा ज्यानं माफी मागायला हवी पण तो मागत नाहीये, त्याला मागायची सोय व्हावी म्हणून.

यादी पाण्याच्या यंत्राजवळ लागलेली नव्हती. शुक्रवार असून. ते सगळ्यांनी येताना पाहिलं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. इतक्यात सुतार दारात आला, मोजपट्टी पट्ट्याला अडकवलेली, मॅमची सही घ्यायला हातात कागद. आता आमच्याकडे जेवण मांडलेलं असताना दारात आलेला माणूस तसाच परत जात नाही. चोर आला तरी आधी या, जेवा म्हणतात, मग पोलीस. चारपाच जणी एकदम म्हणाल्या, या, जेवून घ्या, आणि मॅम एव्हांजेलीनचं तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात ताट गेलं, कुणीतरी लिंबाची फोड ठेवली, कुणी खुर्ची सरकवली. तो जेमालिनच्या शेजारी बसला. ताटाकडे बघत खाऊ लागला. भला माणूस होता. नखांत पेन्सिलीचं शिसं. नामसाहेबांना आमची भाषा येत नाही, ते हसून मान हलवत होते.

जेमालिननं त्याच्या ताटात आणखी शेवया वाढल्या. मग अगदी लाडानं, आमच्या त्याच सुरात, विचारलं, "नोंग, वाळवी सापडली का हो?"

त्याचा घास थांबला. त्यानं मॅम एव्हांजेलीनकडे पाहिलं. मॅमनी टेबलावर हात फिरवला, पण गोळ्यांची बरणी इथे नव्हती. "थोडीशी आहे," त्या म्हणाल्या. "घाबरण्यासारखं नाही." कुणीतरी लगेच म्हणालं, संत जोसेफाच्या वेळीही आधी असंच वाटलं होतं, आणि सगळ्या हसल्या, लांबवून हसल्या, जेवढा वेळ हसता येईल तेवढा. जेमालिन हसली नाही. तिनं एक हात पोटावर ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. कपाळाकडे नाही, मोत्याकडे नाही. तिला वाळवीचं उत्तर सुताराकडून नको होतं, मॅमकडूनही नको होतं. तिला पहिल्या महिन्यात मी म्हटलं होतं, इंदाय, खोक्यात बसलं की समोरच्याला खोटं सांगायचं नाही. भिंती पातळ आहेत.

मी ताट खाली ठेवलं. मला जानेवारीतला तो चहा आठवला आणि तो चार पानांचा कागद. तो इंग्रजीत होता. संचालक म्हणाले होते, वाचायची गरज नाही, नेहमीचंच आहे. पण मी करपलेल्या मासिकांवर शिकलेली बाई. छापील ओळ समोर आली की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. मी चारही पानं वाचली होती, चहा निवेपर्यंत. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. ती मी दोनदा वाचली. मग मी मनाशी म्हटलं, वकिली भाषा, मला कुठली कळणार, आणि सही केली, आणि पानसितासाठी किती शेवया लागतील याचा विचार करत खाली उतरले.

"वाळवी नाही, जेमालिन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्याला शेवटी वळण नव्हतं; तो जिथे संपला तिथेच थांबला, फळीसारखा. खिडकीतल्या बायकांनी माना वळवल्या. सुतारानं ताट मांडीवर घेतलं. "खोकी काढून टाकणार आहेत. विद्यार्थी आता घरी बसून यंत्राकडून शिकणार, आणि यंत्रात मी आहे. मी कधीच न बोललेली वाक्यंसुद्धा माझ्या आवाजात बनवता येतील, असं त्या कागदात लिहिलं होतं. शिक्षिका लागणार नाहीत, असं लिहिलं नव्हतं, पण ते न कळण्याइतकं माझं इंग्रजी कच्चं नाही. मी तो कागद वाचला होता. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."